नवमीची सवाष्ण

सुंदरबाई माझ्या आधी गेली. कुंकवानिशी गेली म्हणून बाया तिला भाग्यवान म्हणाल्या. मला कोणी काही म्हणालं नाही.

अशा बाईच्या नावानं पितृपक्षातल्या नवमीला एक सवाष्ण जेवू घालायची असते. सुंदरबाईनं स्वतःची सवाष्ण स्वतःच ठरवून ठेवली होती. झिपरू महाराची बायको भिकुबाई. सुंदरबाईच्या दुखण्यात भावकीतल्या बाया दारातूनच विचारपूस करून परत फिरत. भिकुबाई मागच्या दारानं आत आली, तिनं सुंदरबाईला उचललं, धुतलं, वेणी घातली. "भिकुबाईला चुलीजवळ पाटावर बसवून वाढा," एवढं सुंदरबाईनं माझ्याकडून कबूल करून घेतलं.

मी हे फक्त चुडामणला सांगितलं. तीच चूक झाली. चुडामण आमच्या गावचा सुधारक. भटाशिवाय लग्नं लावतो, सभेत बोलतो. संध्याकाळी तो आणखी दोघांना घेऊन माझ्या ओट्यावर हजर. एक भडगावचा खादीधारी दुकानदार रतिलालशेठ, दुसरा धुळ्याला शिकून आलेला वना.

"अभिमन आबा, काम क्रांतीचं आहे," चुडामण म्हणाला. "पण श्राद्धात नको. श्राद्ध म्हणजे भटांचं जाळं. दुसरा दिवस धरा."

"दुसऱ्या दिवशी नवमी नसते," मी म्हणालो.

रतिलालशेठ म्हणाला, "हरिजन भगिनीला मानानं बसवू. मी सूत कातून सुरुवात करतो."

"हरिजन म्हणू नका!" चुडामण उसळला. "तो दयेचा शब्द आहे."

"मग काय म्हणू?"

"दोघंही चूक," वना म्हणाला. "ती शेतमजूर आहे. आधी मजुरीचा प्रश्न, मग जेवणाचा."

"म्हणजे तोवर तिनं उपाशी राहायचं?" मी विचारलं. वनानं माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं.

दिवेलागण व्हायला आली तरी तिघांचं एकमत होईना. शेवटी मीच म्हणालो, चला, तिलाच विचारू.

भिकुबाई अंगणात तूर पाखडत होती. तिघं आळीपाळीनं बोलले. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"मी कोन शे, यावर तुम्हनं भांडण चालू शे ना?" ती म्हणाली. "माले भिकुबाई म्हनतस."

झिपरू आत खोकला. तो हसत होता.

"येशील ना?" मी विचारलं.

"आबा, आम्ही बठ्ठा जनम तुम्हना मांगला दारे बिनबलावता येतस. सवाशीन म्हनीसन येवानं, तर सवाशीननीच कुकू लाईसन बलावाले पाहिजे. सुंदरबाई रहाती तर ती येती."

बोलणं रास्त होतं. सवाष्णीला आवतण द्यायला घरची बाई करंडा घेऊन जाते, पुरुष जात नाही. माझ्या घरात आता बाई नव्हती.

"वा! हाच स्वाभिमान!" चुडामण म्हणाला. "याचा ठराव करू."

"ठराव कर," मी म्हणालो, "आणि तुझ्या घरून धुरपदावहिनीला करंडा देऊन धाड."

चुडामणनं उपरणं सारखं केलं. म्हणाला, धुरपदाचे गुडघे दुखतात. रतिलालशेठची बायको माहेरी होती. सकाळीच मी तिला भडगावच्या दुकानात गूळ जोखताना पाहिलं होतं. वना म्हणाला, माझं लग्न झालेलं नाही. एवढ्या आनंदानं हे सांगणारा तरुण मी पाहिला नव्हता.

सकाळ झाली, नवमी उद्यावर आली होती. मी सरळ चुडामणच्या घरी गेलो. धुरपदावहिनी परसात धुणं वाळत घालत होती. गुडघे ठीक दिसले. मी सगळं सांगितलं.

"हाई यासनी ठरायं?" तिनं विचारलं.

"ठरवलं मी. भाषण त्यानं केलं."

"मंग माले काब्र नही सांगं?"

"भितो तुला."

मागं चुडामण उभा होता. वहिनी त्याच्याकडं पाहत राहिली. चुडामण वाळत घातलेलं धोतर उगाच सरळ करू लागला.

"जास मी," ती म्हणाली. "सुंदरबाई मन्ही बी होती. पण भिकुबाईना बाजूले मन्हा पाट मांडा. आणि वाढाले तुम्ही तिन्ही."

दुसऱ्या दिवशी वहिनी भरदिवसा, मधल्या गल्लीतून करंडा घेऊन महारवाड्यात गेली. लोक दारात उभे राहून बघत होते. भिकुबाई नवं लुगडं नेसून तिच्यासोबत पुढच्या दारानं आली. मी चुलीतले निखारे ओढून त्यांवर सुंदरबाईच्या नावानं घास-तुपाची आगारी टाकली. केळीच्या पानांवर दोघी चुलीजवळ बसल्या.

चुडामण भाताचं पातेलं घेऊन उंबऱ्यातच थांबला.

"सभामा हात कसा जोरमा फिरस," धुरपदावहिनी म्हणाली. "डाव धरताना काय व्हयनं?"

तो आला. त्यानं भात वाढला. थोडा पानाबाहेर सांडला. रतिलालशेठनं पुऱ्या वाढल्या. वना पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता आणि रतिलालशेठला हळू आवाजात सांगत होता की वाढणारे शेतकरी आणि व्यापारी असले तर याला क्रांती म्हणता येणार नाही.

"पानी," भिकुबाई म्हणाली.

वनानं पाणी वाढलं.

मग तिनं खीर तोंडात घातली. मी बघत होतो. ती माझ्या हातची होती, घरात दुसरं करणारं कोण होतं? भिकुबाईनं घास गिळला, बोट पानावर पुसलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "आबा, खीर करपनी."

तिघं सुधारक घाबरून माझ्याकडं बघू लागले. मला हसू आलं. सुंदरबाई गेल्यापासून माझ्या चुलीजवळ बसून मला असं तोंडावर कोणी बोललं नव्हतं.

"आणखी वाढू?" मी विचारलं.

"वाढा," ती म्हणाली. "वरनी वरनी, तळनी नको."