पक्के दात

सफियाबींचा उजवा हात महिनाभर बधिर होता. डॉक्टरांना मेंदूत गाठीची शंका होती आणि उद्या मुंबईत एमआरआय ठरला होता. बेलापुरात तेव्हा, शहाण्णव साली, ते मशीन नव्हतं. पण संध्याकाळी त्यांच्या मुलाने, बासितने, नाहीच म्हटलं.

"दुबईत बसवलेत दात. हाडात स्क्रू हायत. मशीनचं चुंबक खेचून काढील, जबडा फाटेल अम्मीचा."

"ते स्क्रू टायटॅनियमचे असतात, त्यांना चुंबक ओढत नाही, भाई." त्याची बहीण तस्नीम कॉलेजात फिजिक्स शिकवायची. तिने पर्समधून प्रयोगशाळेतलं चुंबक काढलं. "अम्मी, आ कर."

सफियाबींनी तोंड उघडताच तस्नीमने श्वास रोखला. तो वास घरात सगळ्यांच्या ओळखीचा होता. त्यापायी अम्मीचा कप वेगळा ठेवलेला, नातवंडं जवळ फिरकत नसत. "वय झालं," म्हणत वहिनी अम्मीच्या खोलीचं दार ओढून घ्यायची.

चुंबक दातांना खट्कन चिकटलं. दात हलले. तस्नीमने बोट घालून उचललं, तर खालची सगळी कवळी हातात आली. आतून पिवळा, बुळबुळीत थर. त्यात मासळीचा काटा रुतलेला.

"निघतात हे?" सफियाबी पुटपुटल्या.

बासित ओकारी दाबत बाल्कनीत पळाला.

"भाई, रोज काढून धुवायला सांगितलं नव्हतं?"

"नर्स कायतरी बोलत होती इंग्लिशमधी," तो तिथूनच म्हणाला. "मी अम्मीला सांगितलं, पक्के दात हायत, हात लावू नको. अख्ख्या सोसायटीला तेच सांगितलेलं ना!"

तस्नीमने कवळी मोरीत नेली आणि ब्रशने घासली. मग स्कॅनवाल्यांना फोन करून सगळं सांगितलं. कवळीत चुंबकं असणार, स्क्रूंवरच्या लोखंडी टोप्यांना ती धरून बसते; कवळी घरीच ठेवा, ते म्हणाले. त्या टोप्या दंतवैद्याकडून काढून घ्या. टायटॅनियम राहू दे, जबड्याजवळ चित्र थोडं पुसट येईल, एवढंच.

सकाळी बेलापूरच्या दंतवैद्याने टोप्या काढल्या, हिरड्या साफ केल्या. दुपारी मुंबईत तंत्रज्ञाने विचारलं, "तोंडात धातू?" सफियाबींनी ओढणी बाजूला करून मोठा आ केला. तो बॅटरी घेऊन वाकला. त्याने नाक मुरडलं नाही.

"चला, आजी."

दार बंद झालं. बाहेर बाकावर बासित बसला होता. अम्मी आत गेली होती, तरी रुमाल त्याच्या नाकालाच होता. तस्नीमला काल मोरीत कवळी घासतानाही आली नव्हती इतकी किळस आली. ती त्याच्या शेजारी बसली नाही.