पिवळ्या रुमालातलं रक्त

कापडाच्या गोदामावरच्या लांबट दालनात पुरुषांची ही गर्दी. सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसलेले, पण एकही जण शेजाऱ्याकडे बघत नव्हता. ओळखीचं कोणी दिसलं की दोघेही एकदमच छताचा पंखा न्याहाळायला लागत. दारावर पाटी होती : ‘स्त्रियांस प्रवेश नाही.’

समोर चौरंगावर महाराज. पुढ्यात दोन मोठी पातेली आणि पिवळ्या रुमालांची चळत.

“लाजू नका रे लेकरांनो!” महाराज गरजले. “वाघ म्हातारा झाला तरी वाघच! फक्त त्याची डरकाळी कोणीतरी चोरलीय. कोणी चोरलीय, ते हा रुमाल सांगेल!”

सुताराचा नंबर आला. त्याला इथे आणलं होतं पॉलिशवाल्याने. दोघे वर्षानुवर्षं एकत्र कामं करत. एकाने कपाट ठोकायचं, दुसऱ्याने चकचकीत करायचं. गेले कित्येक महिने सुताराला रात्र नकोशी झाली होती. बायको जवळ सरकली की तो घोरायचं सोंग घ्यायचा. ती काही विचारत नसे, आणि तिचं ते न विचारणंच त्याला जास्त टोचे.

त्याने चळतीतल्या एका रुमालाने घामेजलेलं तोंड पुसलं. महाराजांनी रुमाल डावीकडच्या पातेल्यातल्या स्वच्छ पाण्यात बुडवला, आणि बघता बघता तो लालभडक झाला. दालनात ‘आई गं!’ उमटलं.

“रक्त!” महाराज हळहळले. “तुझा जोम रक्त होऊन वाहतोय, बाळा. कोणीतरी बांधलंय तुला. घरातलीच बाई. नाव मी घेणार नाही.”

घरात बाई एकच होती.

चिमूटभर ‘सिंहचूर्ण’ तासभर आधी घ्यायचं, अशी आज्ञा झाली. “आणि कोणापुढे वाच्यता केलीस, त्यातून डॉक्टरपुढे, तर जन्माचा गारठशील!”

चूर्णाने खरंच गुण आला! सुतार चकित झाला. डोकं ठणकायचं, चेहरा तापायचा, पण महाराज म्हणाले, विष बाहेर पडतंय. पुढच्या खेपेला रुमाल उजव्या पातेल्यात बुडवला तर पिवळाच राहिला. आता शंका घ्यायला जागाच उरली नाही. आणि चूर्ण खरं, तर बायकोबद्दलचं बोलणंही खरंच असणार! तो तिच्या हातचा डबा नेईना, चहा ओतून देई. ती पाणी घेऊन आली की पेल्यात डोकावून बघे. ज्या पुडीने त्याला बायकोजवळ नेलं, तिनेच त्याला तिची भीती घातली होती. आणि हे सांगणार कोणाला? तोंड उघडायची सोयच नव्हती.

एके दुपारी जिन्याचा कठडा बसवताना त्याच्या छातीवर जणू कोणी गुडघा रोवला. पॉलिशवाल्याने त्याला कसंबसं जवळच्या दवाखान्यात नेलं. बायको धावत आली. डॉक्टरीणबाईंनी हृदयाचा आलेख काढला, जिभेखाली ठेवायची गोळी हातात घेतली आणि विचारलं, “आणखी कुठलं औषध घेता का? काल, आज? चूर्ण, काढा, काहीही?”

“नाही,” सुतार म्हणाला.

“नीट आठवा. काही औषधांवर ही गोळी दिली तर रक्तदाब असा कोसळतो, की माणूस हातचा जातो.”

पॉलिशवाला खिडकीबाहेर बघायला लागला. सुताराने बायकोकडे पाहिलं. तिने त्याचा हात घट्ट धरला होता. बोललं तर जन्माचा गारठा, न बोललं तर इथेच कायमचा. शिवाय बोलायचं ते तिच्यादेखत! घाम डोळ्यांत उतरला.

“पुडी घेतो,” तो पुटपुटला. “त्यासाठी. पुरुषांच्या... मला जमत नाही म्हणून. काल घेतली होती.”

डॉक्टरीणबाईंनी ती गोळी बाजूला ठेवली, दुसरं औषध दिलं आणि त्याला मोठ्या इस्पितळात हलवलं. तिथे हृदयाच्या अरुंद झालेल्या वाहिनीत जाळी बसली. रक्तातली साखर आणि रक्तदाबही कधीपासून वाढलेले निघाले.

तो सावरल्यावर डॉक्टरीणबाई भेटायला आल्या. “तुमच्या खिशातली पुडी तपासून घेतली. जडीबुटी नावाला. ताठरता आणणाऱ्या साध्या ॲलोपॅथीच्या गोळ्या कुटून घातल्यात, त्याही बेसुमार. गुण आला तो त्यांचाच.”

“मग मला बांधलं कोणी?”

“साखरेने, रक्तदाबाने आणि तुमच्या तंबाखूने. ताठरता म्हणजे रक्ताचा पुरवठा. तिथल्या वाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक, म्हणून पुष्कळदा आधी त्या कुरकुरतात. शरीर तुम्हाला सावध करत होतं, आणि तुम्ही महाराजांकडे गेलात. अहो, हा आजार आहे, नामर्दपणा नव्हे. कधी चिंतेनेही होतो, कधी एखाद्या औषधानेही. कारण शोधलं की बहुतेकांना उपाय सापडतो. आधी साखर आटोक्यात, तंबाखू बंद. मग हृदय बघून काय द्यायचं ते ठरवू.”

त्या गेल्यावर बायकोने खुर्ची जवळ ओढली. मग म्हणाली, “म्हणून माझ्या हातचं खायचं सोडलंत?”

त्याने मान खाली घालून रुमालाची हकिगत सांगितली.

“पिवळा रुमाल? पाण्यात लाल झाला?” ती ताडकन उठली. “अहो, हळदीत रंगवलाय तो! धुण्याचा सोडा लागला की लाल होतो. रोज कपडे धुणारी कुठलीही बाई सांगेल. म्हणून बायकांना आत घेत नाही होय मेला!”

तो हिंडूफिरू लागल्यावर दोघे त्या दालनात गेले, मागोमाग पॉलिशवालाही. पाटीकडे ढुंकूनही न बघता बायको आत शिरली.

“बाईचं पाऊल!” महाराज किंचाळले. “शक्तीचा कोप होईल!”

“कोपाचं नंतर बघू. आधी रुमाल बुडवू.”

तिने चळतीतला कोरा रुमाल उचलून डाव्या पातेल्यात टाकला. लालभडक! दुसरा उजव्या पातेल्यात टाकला. पिवळाच.

“याला तर कोणी तोंडही पुसलं नव्हतं,” ती म्हणाली. “मग हे रक्त कोणाचं?”

मागून पॉलिशवाला खो खो हसला. महाराजांनी तत्क्षणी मौन धरलं.

सुतार गर्दीकडे वळला. “मला जमत नव्हतं. ही माझी बायको. हिने मला काही बांधलं नव्हतं. मला साखर होती, हृदय बिघडलं होतं, आणि या पुडीपायी मी मरता मरता वाचलो. तुमच्यापैकी कोणी छातीची गोळी घेत असेल तर पुडी इथेच टाका, आणि डॉक्टरला सगळं सांगा.”

सतरंजीवर एक पुडी पडली, मग दुसरी.

डॉक्टरीणबाईंच्या तक्रारीवरून पुढे दालनाला टाळं लागलं. असल्या बुवांचा धंदा आपल्या लाजेवर चालतो. आपण कुजबुजतो म्हणून त्यांना गरजता येतं. पडसं झालं तर डॉक्टर गाठतो, मग हेच दुखणं देव्हाऱ्यात किंवा अंधारात का न्यावं? बायकोला सांगा, डॉक्टरला सांगा, तपासून घ्या.

त्या दिवशी दालनातून उतरताना जिन्यात एका गृहस्थाने सुताराची बाही ओढली आणि कानाशी लागून विचारलं, “त्या डॉक्टरीणबाई... कुठे बसतात?”

सुताराने भर जिन्यात, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात पत्ता सांगितला.