शर्बरीचे खाजे

गेल्या दुर्गापूजेच्या सुट्टीत माझी धाकटी जाऊ शर्बरी जगन्नाथ पुरीला गेली आणि आल्यावर आमच्या गल्लीत घरोघरी तिथल्या खाज्यांचे डबे वाटत फिरली. अजून बायका मला ऐकवतात, "काय खुसखुशीत होते गं तुझ्या जावेचे खाजे!" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतो.

यंदा आम्हीही जायचं म्हटलं. माझी मुलं, सतरा वर्षांची तितिर आणि पंधराचा ऋक, दोघंही मंदारमणीच्या रिसॉर्टसाठी अडून बसले. तिथे पोहायचा तलाव आहे, खोलीतून समुद्र दिसतो. मलाही पटलं होतं. पण मंदारमणीहून आणून वाटायचं काय? वाळू? आम्ही जाऊन आलो हे गल्लीला कळणार कसं?

मी पुरीचंच रिसॉर्ट ठरवलं. शर्बरी उतरली होती त्याहून मोठं. खाज्यांचे डबेही मोठेच आणणार होते.

"पुरी? मग तू आणि बाबा जा," तितिर मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली. "काकीमा यंदा मंदारमणीला चाललीय. आम्हाला चला म्हणालीय."

"आणि तुम्ही हो म्हणालात?"

"केव्हाच! आणि मा, येताना काकीमासाठी खाजे आण हं. तिला फार आवडतात."