बाहेरचा उजेड

विनीताबाईंनी प्रयोगशाळेचं दार वाजवलं नाही. डबा डाव्या हातात घेतला आणि उजव्या हाताने दार एकदम सताड उघडलं.

व्हरांड्यातलं ऊन भसकन आत शिरलं. खोलीत मिट्ट अंधार. सूनबाई मैत्रेयी सूक्ष्मदर्शकावर वाकलेली, शेजारच्या पडद्यावर बारीक ठिपक्यांची नक्षी, नाचणीचे दाणे ओळीने मांडावेत तशी.

"आई, दार!"

बाईंनी दार लावलं, पण तोवर ओळी मोडल्या होत्या. सूक्ष्मदर्शकाखालच्या काचेत वीज खेळवलेली होती. जिथे उजेड पडेल तिथे कण गोळा होत. आता उजेड सगळीकडेच पडला आणि कण वाट फुटेल तिकडे पांगले.

खोलीच्या मधोमध काळं कापड टांगलेलं होतं. त्यामागून पुरुषाचा आवाज आला, "दरवाज़ा किसने खोला, यार? सुबह से लगे हैं!"

"मैंने, निरंजन. सासूमाँ आई हैं. मैंने ही डिब्बा मँगवाया था."

किती सराईतपणे खोटं बोलली! बाईंच्या मनात पाल चुकचुकली. मुलगा, अभिजित, म्हणाला होता ते उगाच नव्हतं तर. "दुपारभर दार लावून बसतात दोघं. तू एकदा बघून ये, मग तिला इथे ठेवायचं का ते ठरवतो." त्याची जोरहाटला बदली झाली होती आणि मैत्रेयीला पीएच.डी. संपेपर्यंत लखनौतच राहायचं होतं.

दोघी ऑटोने बख्शी का तालाबच्या हवाई दलाच्या तळाकडे परत निघाल्या. क्वार्टर दिसायला लागल्यावर मैत्रेयी म्हणाली,

"डबा मी सकाळीच नेला होता, आई. तुम्हीच भरून दिला होतात."

बाईंनी मांडीवरच्या दुसऱ्या डब्यावर पदर ओढला.

घरी पोचतात न पोचतात तोच ड्यूटीवरून अभिजितचा फोन.

"काय गं, दार बंद होतं ना?"

"होतं."

"अच्छा! आणि आत?"

स्वयंपाकघरात कांदा चिरणारी सुरी थांबली. बाईंनी तिकडे पाहिलं. मैत्रेयीने मान वर केली नाही.

"आत काम चाललं होतं. मी दार उघडलं आणि नासलं ते."

"पण तो निरंजन—"

"तिने माझ्यासाठी खोटं बोलून माझी लाज राखली, अभिजित."

बाई खुर्चीवर टेकल्या.

"ती इथेच राहील. जोरहाटला मी येते तुझ्याबरोबर," त्या म्हणाल्या. "तुझ्यावर लक्ष ठेवायलाही कुणीतरी हवंच."