घर नसलेला दरवाजा

मी एक जुना दरवाजा आहे. मला चौकट आहे, कडी आहे, बिजागऱ्या आहेत. घर तेवढं नाही. माझ्या पुढे जी खोली, तीच माझ्या मागे. मला उघडून आत गेलेला माणूस पुन्हा तिथेच असतो.

मित्रांनो, हसू नका. मी फार मोठ्या माणसाच्या हातचा आहे.

तो माणूस दारावरच्या बेली बनवायचा. आधी तो पत्रे ठोकायच्या कारखान्यात कामाला होता. तिथे त्याने बरीच वर्षं पत्रे ठोकले आणि पत्र्यांनी त्याचे कान. ऐकू येणं कमी होत होत बंदच झालं. तेव्हा त्याने नोकरी सोडली आणि विचार केला, आता आपण काय करावं? जगात हजार धंदे होते. त्याने आवाजाचा निवडला.

खोक्याच्या फळ्या जोडून त्याने मला बनवलं, माझ्यावर बेल आणि बटण बसवलं. घरोघरी दाखवायला मी हवा होतो. पुढून तो उचलायचा, मागून त्याची बायको. आम्ही रस्त्याने निघालो की लोक बाजूला व्हायचे. त्यांना वाटायचं, स्ट्रेचर आहे आणि पेशंट वाटेत पडला.

शिवाय अडचण अशी, की ज्यांच्याकडे बेल नाही त्यांनाच बेल विकायची, म्हणजे आधी त्यांचं दार ठोकायचं. एका बाईंनी दार उघडलं, आम्हाला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "दरवाजा आहे आम्हाला."

"बाई, मी बेल विकतो."

"पण तुम्ही ठोकलेलं ऐकू आलं की मला! बेल हवीय कशाला?"

यावर त्याने मला पुन्हा उचललं. सबंध गल्लीत सगळ्यांनी हेच सांगितलं. तरी तो दुसऱ्या दिवशी पुढच्या गल्लीत गेला. लोक त्याला 'दारवाला' म्हणू लागले. बेली विकल्या त्याने जन्मभर, नाव माझं झालं.

बहिरा आहे हे मात्र त्याने कोणाला कळू दिलं नाही. बहिऱ्याकडून बेल कोण घेणार? तो समोरच्याचे ओठ वाचायचा आणि बटण दाबताना दुसरा तळवा माझ्यावर टेकवायचा. बेल वाजली की माझं लाकूड थरथरतं. त्या थरथरीवरून तो सांगायचा, आतली दांडी घासतेय की ती जिच्यावर आपटते ती पत्री सैल आहे. मी लाकूड असून मला ते कळायचं नाही.

घरात सगळ्यांना एकमेकांकडे तोंड करूनच बोलायची सवय लागली. भांडणसुद्धा समोरासमोर. भांडण हाताबाहेर जायला लागलं की तो शांतपणे डोळे मिटून घ्यायचा. मग त्याची छोटी मुलगी बोटांनी त्याच्या पापण्या उघडायची आणि म्हणायची, "बाबा, आईचं अजून संपलं नाहीये."

मग एका बिल्डरचं बोलावणं आलं. इमारतींची रांगच्या रांग उभी राहत होती आणि प्रत्येक दाराला बेल हवी होती. ऑर्डर मिळाली तर स्वतःचा कारखाना, नाही तर पुन्हा पत्रे. 

बिल्डरच्या ऑफिसात मला उभं केलं. मला भिंत नाही, म्हणून बायको नेहमीसारखी मागून धरून उभी राहिली. त्याने तळवा टेकवला, बटण दाबलं. आणि काहीच झालं नाही. वाटेत माझी वायर सुटली होती.

मागे बायकोला ती लोंबणारी वायर दिसली. तिने डोळे घट्ट मिटले आणि तोंडाने आवाज काढला, "टिंग... टाँग!"

"वा!" बिल्डर खूश. "गोड आहे हो! बाजारातल्या नुसत्या केकाटतात. ऑर्डर तुमची!"

दारवाल्याने ते ओठ वाचले. पण माझं लाकूड हललं नव्हतं.

मित्रांनो, त्याने फक्त मान डोलवायची होती. तो म्हणाला, "साहेब, बेल वाजलेली नाही."

"अहो, मी ऐकली!"

"तुम्ही ऐकली असेल. मला ऐकू येत नाही. म्हणून तर खात्रीने सांगतो, ती वाजली नाही."

"अहो, गप्प बसा ना!" मागून बायको कळवळली. पण ती माझ्यामागे होती. तिचे ओठ त्याला कसे दिसणार?

बिल्डर उठला. माझ्यामागे डोकावला. बायकोने एका हाताने तोंड झाकलं होतं.

"तुम्ही वाजवलीत?"

"वायर सुटली होती," ती म्हणाली.

बिल्डरने ती वायर हातात घेऊन पाहिली. मग दारवाल्यासमोर येऊन, ओठ नीट दिसतील असं म्हणाला, "मला हाच आवाज हवा. जमेल?"

जो आवाज कधी ऐकलाच नाही, तो बनवायचा! घरी आल्यावर त्याने एक हात बायकोच्या गळ्यावर ठेवला आणि दुसरा माझ्यावर. ती "टिंग-टाँग" म्हणायची आणि बटण दाबायची, तो पत्री घासायचा, पुन्हा गळ्याला बोटं लावायचा. तिचा घसा बसला की तो तिला गरम पाणी करून द्यायचा. किती दिवस चाललं, कोण जाणे. शेवटी त्याचे दोन्ही हात एकदम थबकले. गळा आणि लाकूड सारखंच थरथरत होतं. मी एवढी माणसं पाहिली, पण असा माणूस पाहिला नाही.

कारखाना झाला. मला बेल तपासायच्या खोलीत जमिनीत पक्कं बसवलं. आणि घराघरांत त्या बाईचा आवाज वाजू लागला. दूध आलं, पाहुणे आले, मुलं शाळेतून आली, की टिंग-टाँग. त्याला सोडून सगळ्यांनी तो ऐकला.

गेल्या महिन्यात दारवाला गेला. आता कारखाना मुलगी बघते. परवा ती तपासणीच्या खोलीत एकटीच आली. वडील टेकवायचे तिथेच तळवा टेकवून तिने बटण दाबलं. बेल उत्तम होती. तिने ती नापास केली आणि दुसरी मागवली. मग तीही नापास केली. संध्याकाळपर्यंत तिने टोपल्या भरभरून चांगल्या बेली नापास केल्या, पण तळवा काही उचलला नाही.  कामगार टोपली तेवढी बदलत राहिले.

मित्रांनो, तुमच्या घरात कमी ऐकू येणारं कोणी असेल, तर त्यांच्यावर ओरडू नका. ओरडलेलं शेजाऱ्यांना ऐकू जातं, त्यांना नाही. त्यांच्या समोर या. त्यांना तुमचं तोंड दिसू द्या. आणि ते बोलत असतील, तर तुम्ही ऐका. तुम्हाला ऐकू येतं ना?