जिना चढणारी खुर्ची

मित्रांनो, मी सागवानाची एक जुनी खुर्ची आहे. नगरपालिकेच्या वरच्या मजल्यावर, मोडक्या कपाटांच्या शेजारी माझा मुक्काम असतो. खुर्चीला चार पाय असूनही चालता येत नाही, असे तुम्ही म्हणाल. मी मात्र निम्मे आयुष्य जिना चढण्या-उतरण्यात काढले.

एका सुताराने मला सभागृहासाठी घडवले. भक्कम हात, ताठ पाठ आणि ऐसपैस बैठक. सुरुवातीला माझ्यावर मोठमोठी माणसे बसत आणि त्यांतली बरीचशी डुलक्या घेत. पुढे गाद्यांच्या फिरत्या खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी तळमजल्यावर, जिन्यापाशी झाली.

तिथे मला नवे काम मिळाले. परवाने, दाखले, सुनावण्या, सगळा कारभार वर चाले. अपंगांच्या सवलतींचा विभागही वरच होता आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते. ज्यांना जिना चढता येत नसे, त्यांना माझ्यावर बसवून दोन शिपाई उचलून नेत. एक शिपाई धिप्पाड होता. त्याला सगळे पहिलवान म्हणत. दुसऱ्याची कंबर कायम धरलेली असे आणि ते तो बसणाऱ्याला न चुकता ऐकवी.

आमच्या कचेरीतली माणसे किती प्रेमळ, असे लोक म्हणत. एकदा वर्तमानपत्रात माझा फोटोही आला. त्यात पहिलवान हसत होता आणि मी चकचकीत दिसत होते. बसलेल्या आजोबांनी मात्र मान खाली घातली होती. उचललेल्या माणसाचे तळवे मला चांगले ठाऊक आहेत. ते माझे हात घट्ट धरतात आणि घामाने ओले होतात.

एकदा चाकांच्या खुर्चीतून एक बाई आल्या. कपडे शिवून त्या घर चालवत. घरमालकाने राहत्या खोलीत मशीन चालवायला मनाई केली होती, म्हणून त्यांनी नव्या बाजारातल्या गाळ्यासाठी अर्ज केला होता. गाळा मिळाला नाही, तर त्यांचे काम बंद पडणार होते. सुनावणी अर्थातच वर होती. नाव पुकारल्यावर जो हजर नसेल, त्याचा गाळा पुढच्याला मिळे.

ताईंची चाकांची खुर्ची खाली राहिली आणि त्या माझ्यावर बसल्या. निम्मा जिना चढतो न चढतो, तोच वर घंटी वाजली. शिपायांनी मला जिन्याच्या वळणावर टेकवले.

"आलोच हं ताई, साहेब बोलावताहेत," पहिलवान म्हणाला.

"अहो, मला आधी वर तरी न्या!"

"आलोच म्हटलं ना!"

दुसरा शिपाई थोडा वेळ कंबर चोळत उभा राहिला आणि मग त्याला शोधायला गेला. इतक्यात वरून ताईंचे नाव ऐकू आले. "मी इथं आहे! जिन्यात!" त्या ओरडल्या. वरच्या गोंगाटात ते कोणाला ऐकू जाणार? वर निघालेले एक गृहस्थ म्हणाले, "बाई, जरा बाजूला सरका की." नाव पुन्हा पुकारले गेले, मग दुसऱ्याचे नाव आले. पहिलवान परतला तेव्हा गाळा गेला होता. ताई आवाज न करता रडल्या. मला फार वाईट वाटले. मला हात आहेत, पण त्यांनी कोणाला थोपटता येत नाही.

उरलेल्या एका गाळ्याची सुनावणी पुढच्या आठवड्यात होती. ताई नणंदेला घेऊन आल्या. पहिलवानाने मला पुसून पुढे केले. ताईंनी मान हलवली.

"वहिनी, हट्ट करू नकोस गं," नणंद काकुळतीला आली. "हाही गाळा जाईल."

"गेला तर जाऊ दे. मी सामान नाही."

साहेब जिन्याच्या तोंडाशी आले. "बाई, सगळ्या फायली वर आहेत."

"मग त्या खाली आणा, साहेब. माझ्यापेक्षा हलक्या आहेत. आणि त्यांना उचलून आणलं तर लाजही वाटत नाही."

रांगेतले लोक हसले. एक आजोबा काठी टेकत खालच्या पायरीवर बसले. "माझेही गुडघे आज वर यायला नाही म्हणतात," ते म्हणाले. त्यांच्या शेजारी एक गरोदर बाई बसली. बघता बघता निम्मी रांग खालीच बसली. साहेब कपाळाला आठ्या घालून फायली घेऊन उतरले.

ताईंना गाळा मिळाला. तो कोपऱ्यातला होता आणि कोणालाच नको होता. सही करण्याआधी त्यांनी विचारले, "दाराला पायरी आहे का?" साहेबांना ते माहीत नव्हते. पायरी होती. तिच्या जागी गवंड्याकडून उतार करून घ्यावा लागला.

साहेब बरेच दिवस फुगून होते. पण खाली कामे लवकर उरकतात, हे त्यांच्याही लक्षात आले. तळमजल्यावरची अडगळीची खोली रिकामी झाली आणि तिथे टेबले लागली. कचेरीच्या दाराशीही उतार बांधला. तो तपासायला ताईंना बोलावले, तर त्या म्हणाल्या, "ही तर घसरगुंडी झाली!" तो तोडून पुन्हा बांधावा लागला. अडगळ वर गेली आणि तिच्याबरोबर मीही.

आता माझ्यावर धूळ साचते. मध्यंतरी कोणीतरी म्हणाले, "काय सुंदर लाकूड आहे! पॉलिश करून जिन्यापाशी ठेवू या. कधी लागलीच तर असावी."

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी आपली काळजी घ्यायला सांगतात. माझे मागणे थोडे वेगळे आहे. मला पॉलिश करा, माझ्यावर बसून खुशाल डुलक्या घ्या. पण मला जिन्यापाशी ठेवू नका. मी तिथे दिसले, की कोणीतरी एखादे काम पुन्हा वरच्या मजल्यावर नेईल.