दुसरी चिठ्ठी

शर्टाला शेवटचं बटण लावून आईने दाताने दोरा तोडला, तोच शिंपीकाकांच्या दुकानासमोर रिक्षा थांबली. शाळेतल्या खेळाच्या बाई उतरल्या, आणि त्यांच्या खांद्यावर मान टाकून तिची लेक. कमरेला स्वेटर गुंडाळलेला, ओठ पांढरेफटक.

"धावता धावता कोसळली," बाई म्हणाल्या. "पाळीचा नववा दिवस म्हणते."

"आमच्यात सगळ्यांना असंच जातं," आई घाईघाईने म्हणाली. "मला, माझ्या आईलासुद्धा. सोसायची सवय होते हळूहळू."

बाई तिच्यावर चिडल्या नाहीत. लेकीला खुर्चीत बसवून त्यांनी पाणी पाजलं.

"ताई, तासातासाला पॅड बदलतेय ती. हे सोसायचं नाही, दाखवायचं. चला, मी येते सोबत."

आईने काकांकडे पाहिलं. त्यांनी कात्री थांबवली नाही.

"जा गं. बटणं काय पळून जातायत?"

दवाखान्यात डॉक्टर म्हणजे एक शांत, प्रौढ बाई होत्या. त्यांनी भलतंच विचारलं. नाकाचा घोळणा फुटतो का? दाढ काढली तेव्हा रक्त लवकर थांबलं का? लेकीने थांबलं नव्हतं म्हणून सांगितलं. मग तपासण्या झाल्या. आठवड्याने तिघी पुन्हा तिथेच बसल्या.

"हिचं रक्त गोठायला वेळ लागतो. जन्मापासूनच. म्हणून अंगावरून इतकं जातं," डॉक्टर म्हणाल्या. "पण औषधं आहेत."

"मग मी पळू शकेन?" लेकीने विचारलं.

"आधी अंगात रक्त भरू दे. मग खुशाल पळ."

आईने बाईंचे दोन्ही हात धरले. ते तिने कपाळाला लावले.

"असू दे हो, ताई," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते.

"थांबा जरा," डॉक्टर आईकडे वळल्या. "हे बऱ्याचदा घराण्यातून येतं. हिच्या बाळंतपणात तुम्हाला किती रक्त गेलं होतं?"

आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"तीन बाटल्या चढवल्या होत्या. वाचलीस हेच नशीब, म्हणाले सगळे."

पंधरा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी दुसरी चिठ्ठी ओढली आणि वर आईचं नाव लिहिलं.

रक्त घेणाऱ्या मुलीने दंडाला पट्टा आवळला. सुई आत गेली. आईची पर्स मांडीवर घेऊन लेक शेजारी बसली होती.

"दुखतंय का गं, आई?"

'नाही' अगदी ओठांवर आलं होतं.

"दुखतंय थोडं," आई म्हणाली, आणि तिने मोकळा हात लेकीच्या हातात दिला.